तान्हूआत्याची वाटी

फार फार वर्षांपूर्वी, खाडीकाठच्या खारवणे गावात दवाखाना तर सोडाच, धड पायवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गावात तान्हूआत्या नावाची सुईण होती. तिचे हात एवढे मोठे, की तिनं थापलेल्या एका भाकरीत अख्खं घर जेवायचं, असं म्हणतात. आणि एवढे मऊ, की तिनं पाठीवरून हात फिरवला की मारकी म्हैससुद्धा डोळे मिटायची.

त्याच गावात तुळाजीची बायको गोजरा पहिलटकरीण होती. सातवा महिना लागला आणि तिच्याकडे बायांची रीघ सुरू झाली. एक म्हणे, "अशी बसू नको, बाळाच्या गळ्यात नाळ अडकते." दुसरी म्हणे, "तशी निजू नको, बाळ तिरळं होतं." तिसरीनं तर घोरपड पाहिलेल्या बाईला कसं खरखरीत मूल झालं, ते रंगवून सांगितलं. गोजराला बसायची चोरी, निजायची चोरी. ती बिचारी नुसती उभी राहायला लागली. घास गिळवेना, डोळ्याला डोळा लागेना. सासू अंबूबाईनं दृष्ट काढून काढून मिरच्या संपवल्या. शेवटी तुळाजी तान्हूआत्याला घेऊन आला.

आत्यानं "भिऊ नको" असं काही म्हटलं नाही. तिनं खोबरेल कोमट केलं, गोजराला कुशीवर निजवलं, पाठीशी गोधडीची गुंडाळी लावली आणि विचारलं, "भीती कुठं बसलीय गं?"

"पोटात."

"पोटाला मी हात लावायची नाही. ते बाळाचं घर. भीतीला म्हणावं, पायाकडं चल."

मग आत्या हलक्या हातानं पाठ, कंबर, पोटऱ्या, तळवे चोळत राहिली. चोळता चोळता गोजराच्या तोंडून निघून गेलं, "आत्या, माझी थोरली बहीण बाळंतपणातच गेली. मीपण जाणार का गं?"

आत्याचा हात थांबला नाही. "ते माझ्या हातात असतं, तर मी कुणालाच जाऊ दिलं नसतं. पण त्या दिवशी मी तुझ्या उशाशी असेन. एवढं माझ्या हातात आहे."

गोजरा पोटभर रडली. असं म्हणतात, त्या वेळी सगळी भीती तिच्या पायाच्या अंगठ्यांतून ठिबकली, वाहत अंगणात गेली आणि कोंबड्यांनी टिपली. तेव्हापासून खारवण्याच्या कोंबड्या अंडं घालायचं म्हटलं की एवढा आकांत करतात.

आणि गोजरा झोपली. अशी घोरली, की पैलतीरावरच्या नावाड्याला वाटलं कुणीतरी हाक मारतंय. त्यानं होडी सोडली आणि रिकामीच परत नेली.

दुसऱ्या दिवशी बाया पुन्हा हजर. "एवढी झोपते? मूल आळशी निपजेल!"

आत्यानं तेलाची वाटी पुढं सरकवली. "बोला हवं तेवढं. पण तिचे पाय चोळत बोलायचं. हात थांबला की तोंडही थांबलं पाहिजे."

घोरपडवालीनं सुरुवात केली. गोष्टीतली घोरपड जेमतेम कुंपणापर्यंत आली आणि बाईच पेंगायला लागली. दुसरी भिंतीला टेकून तिथंच कलंडली. मग वाटी अंबूबाईकडे आली. सुनेच्या पायाला तिनं कधी हात लावला नव्हता. बराच वेळ चोळून ती हळूच म्हणाली, "तुळ्याच्या वेळी मी भिऊन गोठ्यात लपले होते. म्हशीच्या मागं. सासूबाईंनी शेपूट बाजूला करून मला शोधली."

गोजरा एवढी हसली, की बाळानं आतून लाथ मारली.

दिवस भरले. आत्या शब्दाप्रमाणं उशाशी बसली. मुलगी झाली, आणि असं म्हणतात, ती आधी जांभई देऊन मग सावकाश रडली.

तान्हूआत्याला जाऊन किती पिढ्या झाल्या कोण जाणे. आता खारवण्यातून दवाखान्यात न्यायला गाडी येते. तरी ज्या घरात पोटुशी बाई असते, तिथं उंबऱ्याशी कोमट तेल ठेवतात. त्याला आत्याची वाटी म्हणतात. ज्या बाईला सल्ला द्यायचा असेल तिनं त्यात बोटं बुडवायची, पायाशी बसायचं, मग तोंड उघडायचं. नवऱ्यानं तर न बोलता रोजच चोळायचं.

वाटी दिसली की बऱ्याच जणी दारातूनच म्हणतात, "नाही गं, सहज आले होते." आणि चहा पिऊन गुपचूप घरी जातात.