ठकूआत्याचे दिवे

आपल्या पणजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा पळसगव्हाणला सडक नव्हती, शाळा नव्हती, आणि सूर्य मावळला की दिव्याशिवाय दुसरा उजेड नव्हता. खाली ओढ्याकाठी गाव आणि गावाच्या डोक्यावर माळ, एवढं मात्र आज आहे तसंच होतं.

त्या गावात ठकू नावाची तेलीण राहायची. ती गावचीच लेक. लग्न होऊन गेली आणि दोन पावसाळे व्हायच्या आत पांढऱ्या कपाळानं परत आली. भाऊ धोंडीबा आणि भावजय रखमा यांच्या घरात राहून ती बापाचा तेलाचा घाणा चालवायची. मोठ्या लाकडी उखळात करडई घालायची, आणि डोळ्यांवर झापड बांधलेला बैल दिवसभर त्याच्याभोवती फिरायचा. घाण्याची कुरकुर गावभर ऐकू यायची. त्या आवाजाशिवाय लेकरांना दुपारी झोप लागत नसे, असं म्हणतात.

गाव तिला आत्या म्हणायचं, तिचं तेल वापरायचं, पण सकाळी तिचं तोंड बघायचं नाही. एक तर तेलीण, त्यातून विधवा. बाजाराला निघालेल्या माणसाला ती आडवी आली, तर तो घरात जाऊन पाणी पिऊन पुन्हा निघायचा. ठकूला हे ठाऊक होतं. ती वळणावरूनच ओरडायची, "तेलीण येती गं बायांनो! ज्याला बाजार करायचाय त्यानं डोळं झाका!" आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची.

मग एका वर्षी दिवाळी झाली आणि गावात उंदीर पडायला लागले. आढ्यावरून पडायचे, कणगीमागे मरून पडलेले सापडायचे. उंदरांच्या मागून माणसांना ताप आला. काखेत, जांघेत गाठ उठायची आणि धडधाकट माणूस दोन-तीन दिवसांत जायचा. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत.

गावचा पाटील खंडेराव. शहाणा माणूस होता. त्यानं दवंडी पिटवली की सगळ्यांनी गाव सोडून माळावर जायचं, आणि ताप सरेपर्यंत एकानंही खाली उतरायचं नाही. लोकांनी ऐकलं. बैलगाड्या भरल्या, शेरडं-कोंबड्या घेतल्या, माळावर कडब्याच्या झोपड्या बांधल्या. दाराला कडी घालताना बायांनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला.

पहिल्या दिवशी सगळं नीट झालं. मग संध्याकाळ झाली. माळाच्या कडेला उभं राहून लोकांनी खाली पाहिलं. आपलं गाव आजवर त्यांनी कधी अंधारात पाहिलं नव्हतं. दिवेलागणीला घर अंधारं ठेवू नये, लक्ष्मी माघारी जाते, हे प्रत्येकाला आईनं शिकवलेलं. आणि आता तर देवघरातले देवसुद्धा अंधारात बसले होते. बाया पदर तोंडाला लावून रडल्या.

दुसऱ्या दिवशी खाली एक दिवा दिसला. तिसऱ्या दिवशी चार-पाच. लोक चोरून उतरत होते. जास्त काही नाही, दिवा लावायचा, हात जोडायचे आणि परत यायचं. पाटलानं वाटेवर काठी घेऊन राखणदार बसवले. त्या संध्याकाळी राखणदारांच्याच घरांत दिवे दिसले.

आणि ज्या घरात दिवा दिसायचा, त्या घरच्या झोपडीत काही दिवसांनी ताप यायचा. पाटील रोज संध्याकाळी कडेला उभा राहायचा आणि खालचे दिवे बघायचा. दिवे बघून उद्याच्या चिता मोजता यायच्या, असं म्हणतात.

एका संध्याकाळी त्याला त्याच्या स्वतःच्या घरात दिवा दिसला. पाटलीणबाईंनी धाकट्या दिराला, मल्हारीला, गुपचूप पाठवलं होतं. त्या घरातला देवापुढचा दिवा कितीतरी पिढ्या विझला नव्हता. मल्हारीचं त्याच वर्षी लग्न झालेलं. आठवड्याच्या आत तो गेला.

त्याला पोचवून आल्यावर पाटलानं सगळा गाव गोळा केला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "माझ्याच घरात माझं कुणी ऐकलं नाही. आता तुम्हाला काय सांगू?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पण दिवस कलला आणि ठकूला दिसलं की तिची भावजय रखमा हळूच वाटेकडे सरकतेय. ठकूनं जाऊन तिचा पदर धरला. पदराच्या गाठीत वात होती आणि तेलाची कुपी होती. रखमाला दिवस गेले होते, तेही किती वर्षांच्या नवसांनंतर.

"वन्सं, सोडा," रखमा म्हणाली. "याच देवानं दिलंय. त्यालाच अंधारात ठेवू?"

"आणि ताप घेऊन आलीस तर? देणाऱ्याला दिलेलं परत करायचंय का तुला?"

"एक दिवा, वन्सं. आत्ता जाते नि आत्ता येते."

ठकूनं कुपी काढून घेतली. मग ती सगळ्या गावासमोर जाऊन उभी राहिली. सकाळ नव्हती, तरी दोघा-चौघांनी सवयीनं तोंडं फिरवली.

"दिवं लागल्याशिवाय तुमच्यातलं कुणी ऱ्हात नाही," ती म्हणाली. "मग मी लावते. एकटी खाली ऱ्हाते नि सगळ्यांच्या घरातलं दिवं लावते. तेल माझं, बैल माझा. पण माझ्याशिवाय एकानं जरी पाय खाली टाकला, तर त्याच्या घरचा दिवा मी माझ्या हातानं विझवीन."

गलका उठला. एक म्हातारा म्हणाला, "विधवेच्या हातचा दिवा देवापुढं? आमच्या घरात?"

"मग तुमचा देव राहू द्या अंधारात, तात्या. त्यालाबी जरा झोप मिळंल. जल्मभर तुमचं गाऱ्हाणं ऐकतोय."

कुणीतरी हसलं. मग पाटलीणबाई पुढे आल्या. मल्हारी गेल्यापासून त्यांनी तोंडात घास घातला नव्हता. त्यांनी देवघराची किल्ली कमरेची काढली आणि ठकूच्या हातात दिली. जमिनीवर ठेवली नाही, हातात दिली.

धोंडीबा तेवढा रडत होता. "अक्का, खाली गेलीस की ताप सरेपर्यंत तुला वर येता यायचं न्हाई."

"ठावं हाय. गावात जितं उंदीर पुन्हा फिराय लागलं, की देवळापुढची दीपमाळ लावीन. दीपमाळ दिसली की या. तवर कुणी येऊ नका. मी मेले तरी येऊ नका."

ती बैल घेऊन उतरली. त्या संध्याकाळी माळावरचा एकही माणूस झोपडीत नव्हता. वेशीजवळच्या पहिल्या घरात दिवा लागला. मग शेजारच्या. मग समोरच्या. जाईच्या वेलावर एकेक कळी उमलावी तसं गाव उमलत गेलं. लोक एकमेकांना सांगू लागले, "आता शिंप्याच्या घरी पोचली. आता आमच्याकडं. बघ, बघ, लागला!" इतके दिवस जे दिवे बघून पाटील चिता मोजायचा, तेच दिवे बघून त्या रात्री तो पहिल्यांदा झोपला.

मग तसंच रोज चाललं. दिवसा घाण्याची कुरकुर वर ऐकू यायची आणि संध्याकाळी दिवे दिसायचे. उतारावर मध्येच एक मोठी शिळा होती. तिच्यावर धोंडीबा भाकरी ठेवायचा आणि मागे फिरायचा. तो वर पोचला की ठकू येऊन घेऊन जायची. मेलेले उंदीर ती गोळा करून जाळायची, घराघरांत कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायची. आणि शिळेवर चढून वरच्या लोकांशी ओरडून बोलायची. तो माळावरचा सगळ्यात मोठा सोहळा असायचा.

"ठकू, देवघर पुसलंस का गं?" पाटलीणबाई वरून विचारायच्या.

"पुसलं! केवढी कोळिष्टकं होती, वहिनी! खंडोबाच्या मिश्या कुठल्या नि कोळ्याचं जाळं कुठलं, कळंना!"

सगळा माळ हसायचा, आणि पाटलीणबाईसुद्धा हसायच्या.

"तात्या, तुमचं ठेवणीतलं पागोटं उंदरांनी कुरतडलं!"

"सगळं?"

"तुमच्या डोक्याला पुरंल एवढं हाय शिल्लक!"

संक्रांत माळावरच आली. बायांनी कडेला उभं राहून खाली आवाज दिला, "आत्या, तिळगूळ घ्या, गोड बोला!"

"मी गोड बोलले तर तुम्ही वर ऱ्हाल का?" खालून उत्तर आलं.

त्या दिवशी पाटलीणबाईंनी शिळेवर तिळगुळासोबत एक वाण ठेवलं. सुगडात बोरं, हरभरे, उसाची कांडी, आणि वर हळदीकुंकवाच्या दोन पुड्या. विधवेला ते कुणी देत नसे. ठकू आली, तिनं पुड्या उघडून पाहिल्या, आणि सुगड छातीशी धरून तशीच खाली गेली.

जुनी माणसं सांगायची की गाव एवढं एकदिलानं पुन्हा कधी राहिलं नाही. एकाच्या चुलीवरची भाजी चार झोपड्यांत जायची. भावकीतली भांडणं खाली घरांतच राहिली होती. माळावर नवा ताप येईनासा झाला. त्या हिवाळ्याच्या आठवणी काढताना म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ओठांवर हसू, असं म्हणतात.

मग एके सकाळी शिळेवरची भाकरी तशीच राहिली.

धोंडीबानं हाका मारल्या. खालून उत्तर आलं नाही. तो उताराला लागला तेव्हा पाटलानं आणि तिघांनी त्याला धरून ठेवलं. "ती माझी बहीण हाय, आबा!" तो ओरडला.

"म्हणूनच थांब," पाटील म्हणाला. "तिनं काय सांगितलंय ते आठव. रखमाचं पोट बघ." आणि पाटील स्वतःही रडायला लागला.

त्या संध्याकाळी सगळे कडेला उभे राहिले. आज दिवे लागले नाहीत तर सगळा गाव खाली धावणार होता, हे प्रत्येकाला कळत होतं. सूर्य बुडाला. अंधार दाटला. रखमानं पोटावर हात धरला होता. एक बाई हुंदका देऊन वाटेकडे वळली.

तेवढ्यात वेशीजवळच्या पहिल्या घरात दिवा लागला. फार सावकाश. मग दुसऱ्या घरात, मग तिसऱ्या. गावातला शेवटचा दिवा लागायला त्या दिवशी पुष्कळ वेळ लागला, पण एकही घर राहिलं नाही. घाणाही कुरकुरत होता.

पुढं रोज तसंच झालं. भाकरी शिळेवर राहायची आणि पाखरं खायची. हाकेला उत्तर यायचं नाही. पण दिवे लागायचे. "रुसली असंल," कुणी म्हणायचं. "कुणाच्या तरी कणगीतलं खात असंल," दुसरं म्हणायचं. मनात काय होतं, ते कुणी बोललं नाही. आणि कुणी खालीही उतरलं नाही.

माघ सरताना रखमा बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट. धोंडीबा शिळेपर्यंत धावत गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "अक्का! भाची झाली तुला! पोरगी झाली!" ओढ्यापलीकडून त्याचाच आवाज परत आला. बाकी काही नाही.

पण त्या संध्याकाळी सगळ्या गावात दिवे लागले, तेव्हा ओढ्याकाठच्या त्याच्या घरात एकाऐवजी दोन दिवे दिसले. एक मोठा, आणि त्याच्याशेजारी एक बारका. सगळ्या माळानं ते पाहिलं, असं म्हणतात.

होळीच्या आदल्या दिवशी दीपमाळ लागली. खालपासून वरपर्यंत, झाडाला मोहर यावा तशी. लोक लेकरांना खांद्यावर घेऊन उतरले. गल्ल्या झाडलेल्या होत्या. कडीला हात लावला की दारं उघडत होती आणि आतल्या प्रत्येक दिव्यात तेल काठोकाठ भरलेलं होतं. आढ्यावरून जिवंत उंदीर पळत होते, आणि उंदीर बघून माणसं आनंदानं ओरडली, असं आमच्या गावात त्या एकाच दिवशी झालं.

धोंडीबा घाण्याकडे गेला. बैल फिरत होता. त्याच्या डोळ्यांवर झापड होती, त्याला काय कळणार? मागच्या फळीवर, जिथं घाणा हाकणारा बसतो तिथं, ठकू बसली होती. अंगावर धुतलेलं लुगडं, मांडीवर संक्रांतीचं सुगड. ती जाऊन पुष्कळ दिवस झाले होते. पिकलं पान वाळून हलकं व्हावं तशी ती झाली होती. आणि कपाळाला कुंकू होतं.

मग शेवटचे इतके दिवस दिवे लावले कुणी? कुणी म्हणतं, गावदेवी फिरत होती. कुणी म्हणतं, त्या तापात गेलेली सगळी माणसं एकेका घरी जाऊन आपापला दिवा लावत होती, आणि पाटलाच्या देवघरात मल्हारी. रखमा मात्र मरेपर्यंत एकच सांगायची, "वन्संनी शब्द दिला होता. आणखी कोण लावणार?"

आजही होळीच्या आदल्या दिवशी पळसगव्हाण दुपारीच माळावर जातं. म्हातारी माणसं डोलीतून, लेकरं कडेवरून. गावातली एक विधवा तेवढी खाली थांबते, तिला त्या दिवशी सगळं गाव ठकू म्हणतं. पाटलांच्या घरची सून तिला कुंकू लावते आणि देवघराची किल्ली हातात देते. मग ती घरोघर दिवे लावते आणि आम्ही वरून बघतो.

पण तो झाला वर्षाचा एक दिवस. दुसरी एक रीत आहे, ती पाहुण्यांना सहसा दिसत नाही. कोरोनाच्या वर्षी मुंबई-पुण्याहून आलेली माणसं चौदा दिवस शाळेत ठेवली होती. काही घरंच्या घरं तालुक्याच्या दवाखान्यात होती, दारांना कुलपं होती. शाळेच्या खिडकीतून आपलं घर बघणाऱ्या माणसाला रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर दिवा दिसायचा. त्यामुळं एकही माणूस शाळेच्या फाटकाबाहेर आला नाही. पोलिसाची गाडी दोनदा आली आणि चहा पिऊन गेली.

दवाखान्यातून बरी होऊन आलेली माणसं घरापुढं उतरायची. ओट्यावर तेलानं काळी झालेली पणती असायची. मग माणसं शेजारी हाक मारून विचारायची, "दिवा कुणी लावला हो आमचा?"

आमच्या गावात या प्रश्नाला कुणी आपलं नाव सांगत नाही. शेजारीण हातातलं काम न थांबवता म्हणते, "ठकूआत्या येऊन गेली."

आणि विचारणारा पुन्हा विचारत नाही. तो चपला काढतो, पणतीत थोडं तेल घालतो, आणि घरात जातो.