सगळ्यांना सारखी गोळी

"मग रोजची गोळी जाते कुठे, अप्पा?"

विरूपाक्षाचा आवाज चढला होता. मठाच्या ओसरीवर शिष्य खांबांना टेकून बसलेले, मधे सातलिंग मान खाली घालून उभा. खडी फोडता फोडता छाती पोखरून घेतलेला माणूस. त्याची वळकटी फाटकाबाहेरच्या रिक्षात टाकूनही झाली होती.

मठात क्षयाचे रोगी राहत. औषध सरकारी, जेवण मठाचं, आणि दोन्हींवर देखरेख विरूपाक्षाची. अप्पांचा सगळ्यांत हुशार शिष्य. हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. एकदा पंगतीत त्याने पैलवानाला एक पोळी वाढली आणि दुपट्यातल्या बाळालाही एक. पैलवान उपाशी उठला, बाळाची पोळी कुत्र्याने नेली, आणि विरूपाक्ष त्या रात्री फार समाधानाने झोपला. सगळ्यांना सारखं दिलं, म्हणजे झालं.

गोळ्यांचंही तसंच. सातलिंगाच्याच वजनाचे बाकीचे तीच गोळी घेऊन अंग धरू लागले. सातलिंग वाळतच चालला.

"डॉक्टरीणबाईंचा फोन होता," विरूपाक्ष म्हणाला. "सगळ्यांचं रक्त तपासलं. बाकीच्यांच्यात औषध आहे, याच्यात नावाला. म्हणजे हा थुंकतो. अर्धवट औषधाने रोग माजतो, मग कशालाच दाद देत नाही. तो इतरांना लागला तर? याला घरी पाठवतो."

"घरी औषध कोण देईल?"

"थुंकणाऱ्याला कुणी का द्यावं?"

"मी थुंकत न्हाई, सामी," सातलिंग म्हणाला. "लेकरांची आण."

अप्पा विरूपाक्षाकडे वळले. "गोळी याच्या तोंडात कोण घालतं?"

"मी."

"मग?"

"जीभ उचलून बघतो. गालातून बोट फिरवतो."

"रोज?"

"एक दिवस चुकवलेला नाही."

"छान. राखणही रोजची आणि चोरीही रोजची…"

विरूपाक्ष हटला नाही. "हा पक्का आहे, अप्पा. मागे जाऊन ओकत असेल."

सातलिंगाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. त्याने ते पुसलंही नाही.

अप्पांनी खांद्यावरचं पांढरं उपरणं विरूपाक्षाकडे टाकलं.

"पूस."

"मी?"

"तोंडात बोट तूच घालतोस ना?"

विरूपाक्षाने तोंड फिरवूनच त्याचे डोळे टिपले. उपरणं परत देताना नजर गेली…

पांढऱ्यावर फिक्या केशरी रंगाचे दोन डाग.

विरूपाक्षाने उपरणं उजेडात धरलं. औषध अंगात गेलं की लघवी तांबडी होते, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते बघायची त्याला किळस. आसवंही रंगतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्यापुढे रडायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

"गिळलंय याने," तो पुटपुटला. "अंगात गेलंय… मग रक्तात का नाही?"

"बाई पुढे काय म्हणाल्या?"

"…मी फोन ठेवला होता."

"लाव."

बाईंचा आवाज ओसरीभर ऐकू आला. "अहो, माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ठेवलात तुम्ही. त्याने गोळी घेतली नाही, असं मी म्हटलंच नव्हतं. तीच गोळी एकाच्या रक्तात भरपूर चढते, दुसऱ्याच्या जेमतेम. याच्यात का चढत नाही ते शोधून मात्रा बदलायला हवी. आजच आणा. उशीर केलात तर तो हाती लागायचा नाही."

फोन बंद झाला तरी विरूपाक्ष तो कानाशी धरून उभा होता. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. घरी न्यायला बोलावलेली रिक्षा…

"मी याला मरायला धाडत होतो," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

त्याने सातलिंगाच्या काखेत हात घातला, सांभाळून फाटकापर्यंत नेलं, रिक्षात बसवलं आणि दवाखान्याचा पत्ता सांगितला. स्वतः चढणार, तोच थांबला. परत ओसरीशी आला.

"अप्पा, खरं सांगतो. मी सगळ्यांना अगदी सारखंच दिलं होतं हो."

अप्पा खांबाशी टेकून बसलेल्या एकेका शिष्याकडे बराच वेळ पाहत राहिले. शेवटी त्यांची नजर विरूपाक्षावर येऊन थांबली…

"मीही शिकवताना तेच केलं."