डब्यात अडकलेली सावली

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. अगदी गळ्याशपथ. मी स्वतः तिथं होतो आणि हे सगळं माझ्या या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे तसा त्या दिवशी मी सांगलीला होतो आणि माझी दाढ दुखत होती. पण तिथं असतो तर हेच पाहिलं असतं. तेव्हा मध्येच कुणी ‘खरंच का हो काका?’ असं विचारायचं नाही. पाय पांघरुणात घ्या. घेतले? हं.

तर एकदा काय झालं, दूर अमेरिकेत एक रान होतं. राजाचं नव्हे, तिथं राजे नसतात. सरकारनं राखलेलं रान. तिथलं फूल खुडायचं नाही, फांदी मोडायची नाही आणि सूर्य बुडाला की फाटकाबाहेर पडायचं. त्या रानात माणसं डबे लपवून ठेवायची. कशाला म्हणाल, तर मोठ्या माणसांनाही खेळावंसं वाटतं. एकानं डबा लपवायचा. दुसऱ्यानं फोनमधल्या बाणाच्या मागे मागे जाऊन तो हुडकायचा. आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा जिथला तिथं ठेवून द्यायचा. डब्यात बारीकसारीक वस्तू असतात. आवडली तर एखादी खुशाल घ्यावी, पण तिच्या तोलाचं काहीतरी मागं ठेवावं. हा नियम मात्र पक्का, बरं का.

एका रविवारी त्या रानात तिघं जण आले. अच्युत, त्याची बायको वृंदा आणि त्यांची दीड वर्षाची मुलगी ठमी. कागदोपत्री तिचं नाव मोठं छान होतं, पण हाक ठमीच. तिला चारच शब्द यायचे. आई, नको, उचल आणि टाटा. अच्युत शहाणा माणूस. त्याची कधी चूक व्हायची नाही. रस्ता चुकला तर फोन चुकलेला असायचा. दूध उतू गेलं तर शेगडी चुकलेली असायची. आज तीन डबे हुडकायचेच, असं तो घरूनच ठरवून आला होता. आणि वृंदाच्या कडेवर ठमी होती. अकरा किलोची. अकरा किलो म्हणजे किती, ते तुमच्या आईच्या कमरेला विचारा.

मग काय झालं, ओढ्याकाठी एका पोकळ झाडाच्या बुंध्यात पहिला डबा सापडला. चांगला मोठा, पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. ठमी कडेवरून उतरली आणि डब्यावर वाकली. आतून एक गोटी काढली, टाकली. एक प्लास्टिकचा बेडूक काढला, टाकला. ऊन तिच्या पाठीवर होतं, त्यामुळे तिची सावली बरोबर डब्यात पडली होती. अच्युतला घाई. त्यानं वहीत तिघांची नावं लिहिली, गोटी आणि बेडूक आत टाकले, पोरीला बाजूला ओढलं आणि झाकण लावलं. खट.

सावली आतच राहिली.

वृंदाला काही कळलं नाही. अच्युतला तर नाहीच नाही. फक्त ठमीनं मागं वळून डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “टाटा.”

मग ते दुसऱ्या डब्याकडे निघाले. चढाची वाट होती. वृंदाला वाटलं, आज कंबर कशी दुखत नाही. नेहमी शंभर पावलांवर हात भरून यायचा, आज काहीच नाही. ती मनात खूश झाली. आपल्याला सवय झाली म्हणायची, असं तिला वाटलं. थोड्या वेळानं ओढ्याची ओली वाळू लागली. तिनं ठमीला खाली सोडलं. ठमी वाळूतून तुरुतुरु पळाली, परत आली. वृंदानं वाळूकडे पाहिलं. अच्युतच्या बुटांचे ठसे होते. तिच्या स्वतःच्या चपलांचे होते. मध्ये इवल्या पावलांचे ठसे कुठंच नव्हते. वाळू घट्ट असेल, असं म्हणून तिनं ठमीला पुन्हा कडेवर घेतलं.

मग मोकळा कातळ आला. वर लख्ख ऊन. कातळावर अच्युतची सावली पडली होती, वृंदाची पडली होती, आणि दोघांच्या मध्ये नुसता उजळ कातळ होता.

तिनं अच्युतला दाखवलं. तो म्हणाला, ढग आला असेल. ढग नव्हता. मग म्हणाला, उन्हाचा कोन तसा असतो. तेवढ्यात वारा आला आणि ठमीचे पाय जमिनीवरून सुटले. ती हळूच वर निघाली. कमरेपर्यंत, मग डोक्यापर्यंत. तिला फार मजा वाटत होती. वृंदानं झडप घालून तिचा घोटा पकडला आणि खाली ओढली. हातात काही आलंय असंच वाटेना. उशीचा कापूस धरावा तसं.

आता सावलीचंही एक असतं, पोरांनो. सूर्य बुडताना ती ज्याच्यापाशी असेल, त्याचीच कायमची होऊन बसते. आणि ज्याला सावली नाही, त्याला जमीन धरून ठेवत नाही. वृंदाला हे कुणी शिकवलं नव्हतं. पण ऊन जसजसं कलत होतं, तसतशी पोर हलकी होत होती, एवढं तिला तिच्या हातानं सांगितलं. तिनं ओढणी काढली. एक टोक ठमीच्या पोटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला. तीन गाठी मारल्या.

मग तिला डबा आठवला. डब्यात पडलेली सावली आठवली. खट आठवलं.

दोघं पळत सुटली. पोकळ झाड गाठलं, झाकण उघडलं. आत गोटी होती, बेडूक होता आणि एक चमचा होता. मघाशी चमचा नव्हता. अच्युतनं वही उघडली. त्यांच्या नावांखाली थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘एक काळं मऊ कापड घेतलं. चमचा ठेवला. टेकडीवरच्या डब्याकडे जाते.’

अच्युतनं फोन पाहिला. वाट वळणाची होती, म्हणून त्यानं बाणाच्या रोखानं सरळ रान कापायचं ठरवलं. मग काय, काटे. आधी गुडघ्याएवढे, मग छातीएवढे, मग पुढं जाताच येईना. बाण गरगर फिरायला लागला. अच्युत म्हणाला की फोनच चुकतोय, आकाशातला उपग्रहच चुकतोय. सूर्य टेकडीच्या वर वीतभर उरला होता. ठमी ओढणीच्या टोकाला पतंगासारखी तरंगत होती, आणि आता हसायची थांबली होती.

“आई,” ती वरून म्हणाली. “उचल.”

वृंदानं ओढणी गोळा करून तिला छातीशी धरलं. धरलं काय, कवटाळलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. वारा टेकडीकडून खाली येत होता, पण पोर वाऱ्याच्या उलट ओढ घेत होती. टेकडीकडे. आपल्या सावलीकडे, बरं का. वृंदानं अच्युतला फोन खिशात टाकायला सांगितलं. ओढणी थोडी सैल सोडली आणि पोर ओढ घेईल तिकडे ती निघाली. काट्यांतून डावीकडे, एका पडलेल्या ओंडक्याखालून, मग उभ्या चढानं वर. पायात काटे मोडले तरी थांबली नाही. मागं अच्युत धापा टाकत येत होता. दुसरी गाठ सुटली होती. तिसरी सुटत आली होती.

टेकडीवर मोकळं मैदान होतं. पलीकडच्या टोकाला दगडावर एक म्हातारी बसली होती. अंगात मोठा कोट, आणि कोटाचे खिसे दगडांनी फुगलेले. तिच्या मांडीवर एक इवलीशी सावली होती. दोन हात, दोन पाय आणि वर शेंडीसारखी वेणी. म्हातारी सुईदोऱ्यानं ती आपल्या बुटाला शिवत होती.

आता ती कुठल्या भाषेत बोलली, हे मला विचारू नका. वृंदाला कळलं, तुम्हालाही कळतंय, मग झालं.

वृंदानं तिला सगळं सांगितलं. म्हातारीनं सुई थांबवली, पण सावली सोडली नाही. म्हणाली की तिची स्वतःची सावली जुनी होती, विरत विरत गेली आणि गेल्या थंडीत फाटली. तेव्हापासून ती खिशात दगड घालून फिरते. वारा सुटला की झाडाला धरून बसते. आणि ही सावली तिनं चोरली नव्हती. डब्यात मिळाली होती, वहीत लिहून घेतली होती, मोबदल्यात चमचा ठेवला होता.

“आजी, ही चमच्याच्या तोलाची आहे का?” वृंदानं विचारलं.

म्हातारीनं मांडीवरच्या सावलीवरून हात फिरवला. मग म्हणाली, “नाही ग पोरी. पण माझ्यापाशी तोलाचं दुसरं काय होतं?”

सूर्य टेकडीच्या कडेला टेकला.

अच्युतनं फोन पुढं केला. म्हातारीनं नको म्हणून मान हलवली. त्यानं बोटातली अंगठी काढली. म्हातारी म्हणाली, हिनं पाय जमिनीला टेकतात का? मग वृंदा म्हणाली, माझी सावली घ्या, सगळी घ्या. म्हातारीनं ठमीकडे पाहिलं, ओढणीकडे पाहिलं.

“तू उडालीस तर हिला उचलणार कोण?” ती म्हणाली, आणि पुढचा टाका घातला.

तेव्हा अच्युत मोठ्यानं म्हणाला, “डबा मी लावला. न बघता लावला. चूक माझी आहे.” आणि तो मैदानाच्या मावळत्या टोकाला जाऊन सूर्याकडे पाठ करून उभा राहिला.

वृंदानं वळून त्याच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. अच्युतची सावली त्याच्या पायापासून निघाली होती आणि लांब लांब लांब, सगळं मैदान ओलांडून म्हातारीच्या बुटाशी आली होती. दुपारी हात-दोन हातांची असते ना ती? आता ताडाएवढी झाली होती.

“आजी,” वृंदा म्हणाली, “मापून बघा. निम्मी कापलीत तरी त्याला उरेल.”

म्हातारीनं वितीनं मापली. दोनदा मापली. मग कोटातून कात्री काढली आणि भराभर आपल्या बुटावरचे टाके उसवले. अच्युतच्या सावलीचा आपल्याजोगा तुकडा कापला आणि उडू नये म्हणून बुटाखाली दाबून ठेवला. आधी पोरीचं, म्हणाली. दोरा उरला होता बोटभर. सूर्य उरला होता नखाएवढा.

उजव्या पावलाला तीन टाके पडले. सुई सावलीलाच टोचत होती, ठमीला दुखत नव्हतं, पण गुदगुल्या व्हायला लागल्या. ती पाय झाडायला लागली. एक टाका हुकला. वृंदानं ते पाऊल दोन्ही मुठींत धरलं. डाव्या पावलाचा पहिला टाका. दुसरा. मनगटाची गाठ सुटली आणि ओढणी वर गेली. आता फक्त वृंदाच्या मुठी होत्या. तिसऱ्या टाक्याला दोरा पुरेना. म्हातारीनं तो दातांनी ताणला, सुई काढून टाकली आणि नुसत्या बोटांनी गाठ मारली.

सूर्य बुडाला.

आणि अकरा किलोची ठमी धप्पकन वृंदाच्या अंगावर पडली. वृंदा गवतात उताणी. ठमीनं मोठ्यानं भोकाड पसरलं. इतकं छान रडणं वृंदानं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

म्हातारीनंही आपला तुकडा शिवून घेतला. मग खिशातला एकेक दगड काढून खाली ठेवला आणि जमिनीवर पाय आपटून पाहिले. एकदा, दोनदा, तीनदा. तिसरा डबा त्याच मैदानात होता. अच्युतनं तो हुडकला नाही. ते तिघं टेकडी उतरले. फाटकावरचा माणूस किल्ल्या वाजवत उभा होता, तो थोडा कुरकुरला. वाटेत अच्युत तीनदा म्हणाला की जरा माझ्याकडे दे तिला. वृंदानं दिली नाही. कंबर मोडून आली, हात भरून आले, पण गाडीपर्यंत तिनंच उचलून नेलं. मग घरी वरणभात, मऊ अंथरूण, आणि तिकडं टेकडीवर ती म्हातारी वाऱ्यात फिरायला लागली. सगळे सुखानं राहिले.

अजून कुणाला खोटं वाटत असेल तर अच्युतला उद्या दुपारी बारा वाजता उन्हात उभं करून बघा. त्याची सावली जेमतेम पायापुरती उरली आहे.

आता डोळे मिटा. हो, शपथ घेतली होती ना मी, तेव्हा झोपण्याआधी सांगून टाकतो. यातलं एक मी रचलेलं आहे. सावली नव्हे, म्हातारी नव्हे, उडणारी ठमीही नव्हे. ‘चूक माझी आहे’ असं अच्युत म्हणाला, तेवढं माझ्या पदरचं. तो काही म्हणाला नव्हता. नुसता गेला आणि उन्हात जाऊन उभा राहिला.