भिंतीवरची चार भोकं

सातपुड्याच्या कुशीत, कोरकू आदिवासींच्या मुलखात एक हायस्कूल होतं. तिथले हेडमास्तर ठोंबरे सर मनानं भले, पण कुणाला काही विचारायची त्यांना सवय नव्हती. दहावीची मुलं मागं पडतात म्हणून त्यांनी जादा वर्ग सुरू केला. मुलांना आपल्या संस्कृतीचा अभिमान वाटावा म्हणून त्याच खोलीत संस्कृती दालन थाटलं. ढोल, बासरी आणि मधोमध भिंतीवर सागाची एक कोरीव फळी. तिच्यावर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार. एका गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली रोवलेली ती त्यांना दिसली होती. बाजाराचा दिवस, गाव रिकामं. सरांनी फळी उपटली, जीपमध्ये घातली आणि पॉलिश करून चार खिळ्यांनी ठोकली.

पहिल्याच दिवशी वर्गात पाऊल टाकताच दहावीतली सोमती कासदेकर जागीच थबकली. घोड्याचा एक पाय आखूड होता. कोरताना काकाची पटाशी घसरली, ते तिनं स्वतः पाहिलं होतं. कोरकू लोक मेलेल्या माणसाच्या नावानं असा मुंडा रोवतात. तेव्हा कुठं त्याचा जीव निवतो, भटकणं थांबतं. हा तिच्या बापाचा मुंडा होता.

ती फळीकडं पाठ करून बसू लागली. गणित सुटेना. मान वळवली तर बाप काय विचारेल, या धाकानं तिला घाम फुटायचा. हळूहळू इतर पोरांनाही कळलं आणि वर्ग ओस पडला. सर भडकले. म्हणाले, फुकट मिळालेल्याची किंमत नसते. शनिवारी वरचे साहेब येणार आहेत, जो वर्गात दिसणार नाही त्याचं नाव परीक्षेच्या यादीतून जाईल. सोमतीला आता दोन्हीकडून भीती. बोलावं तर दहावी जाते, गप्प बसावं तर बाप भटकत राहतो.

शनिवारी साहेब आले. 'ही आमची लोककला' असं भाषण सरांनी सोमतीकडून पाठ करून घेतलं होतं. साहेबांनी फळीकडं बोट केलं.

"सांग बेटा, हे काय आहे?"

सोमतीनं पहिल्यांदाच भिंतीकडं मान वळवली.

"साहेब, हा माझा बाप आहे."

साहेबांबरोबर आलेला कुणीतरी फिसकन हसला. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. 'अंधश्रद्धा आहे, साहेब,' हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. तेवढं म्हटलं असतं, तर साहेब मान डोलावून निघून गेले असते. तशी रीतच आहे. पण पोरीची नजर फळीवरून हटेना, ते पाहून सरांनी ते शब्द गिळले. स्वतःच्या हातानं खिळे उपटले आणि मुंडा खांद्यावर घेऊन ते सोमतीबरोबर तिच्या गावी गेले.

गावचा पुजारी, भुमका, सामोरा आला.

"उपटताना विचारलं नाही, गुरुजी. आता रोवताना विचारता?"

"चुकलं माझं. काय करू, सांगा."

"विधी पुन्हा करू. तो परत निजेल का, ते त्यालाच ठाऊक."

वर्ग पुन्हा भरू लागला. सोमती आता भिंतीकडं तोंड करून बसायची. खिळ्यांची चार भोकं सरांनी कधीच बुजवली नाहीत. मुलांसाठी नवं काही मनात आलं, की ते आधी त्या भोकांकडं बघायचे आणि मग मुलांना विचारायचे.

तात्पर्य: ज्याचा गौरव करायचा, त्याला आधी विचारा. न विचारता केलेला गौरव म्हणजे हार घालून केलेली लूट.