कंसातले अक्षर

एकदा एक शिष्य आपल्या आचार्यांना भर सभेत मान खाली घालायला लावून बसला, आणि तेही एका अशा शब्दापायी, जो तीन हजार वर्षांत कुणी तोंडाने उच्चारला नव्हता.

आचार्य वृद्ध होते. आज ज्याला तुर्कस्तान म्हणतात त्या भूमीतल्या, प्राचीन अनातोलियातल्या मातीच्या पाट्या वाचण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांचा दंडक एकच. पाटी जिथे फुटली असेल तिथले अक्षर अंदाजाने भरावे, पण त्याभोवती चौकटी कंस घालावा. ‘कंस म्हणजे कबुली,’ ते म्हणत. ‘हे मी पाहिलेलं नाही, मला असं वाटतं, एवढंच.’

शिष्याने एक विधिशब्द अभ्यासाला घेतला होता. त्या देशात राजावर दोष आला, की मंत्र म्हणून तो एखाद्या मुक्या जनावरावर उतरवत आणि जनावराला सीमेपार हाकलून देत. दोष वाहून नेणाऱ्या त्या जनावराला जो शब्द होता, तो मुळात कुणाचा? तिथे राज्य करणाऱ्या हित्ती लोकांचा स्वतःचा, की शेजारच्या लुवी भाषेतून आलेला? या प्रश्नापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते. शिष्याच्या मनाने मात्र घेतले होते, की शब्द लुवीच. पुरावा मिळाला तो एकाच पाटीत, आणि तिथे नेमके पहिलेच अक्षर फुटलेले! आचार्यांनी तरुणपणी ते अंदाजाने भरले होते, अर्थातच कंसात. ते अक्षर खरे मानले तर शब्द लुवी ठरे. नाही मानले तर काहीच ठरत नसे.

बरेच दिवस शिष्य त्या कंसाकडे पाहत राहिला. मग एका दुपारी निबंधाची शुद्ध प्रत करताना त्याने तो गाळला. दोन रेघा तर आहेत, त्यात काय मोठंसं, असे त्याने मनाला समजावले. मन काय, समजून घ्यायला टपलेलेच असते.

सभा भरली. शिष्याने तो शब्द कंसाविनाच फळ्यावर लिहिला. निबंध वाचून झाला, टाळ्या झाल्या. आता सत्कार व्हायचा, एवढ्यात पहिल्या रांगेतल्या एक वयस्क विदुषी उठल्या. परदेशातल्या संग्रहालयात जाऊन त्यांनी ती पाटी स्वतः पाहिली होती.

‘हे पहिलं अक्षर आपण कुठे वाचलंत?’ त्यांनी शांतपणे विचारले. ‘तिथे तर पाटीचा टवका उडालेला आहे.’

शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. त्याची नजर आपसूक आचार्यांकडे वळली.

आचार्य काठी टेकत उठले. ‘ते अक्षर पाटीवर नाही. मी भरलेलं आहे. दोष माझा, त्याला बोल लावू नका.’ कंसाचे त्यांनी नावही काढले नाही.

सभेत कुजबुज उठली. ‘म्हणजे यांचं बाकीचं वाचनही...’ असे कुणीतरी म्हणाले, आणि वाक्य पुरे करायची गरजच उरली नाही. आचार्यांनी खांद्यावरची शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. मान खाली घालून, मधल्या वाटेने ते दाराबाहेर निघून गेले.

आणि शिष्य? खरे ते सांगायलाच हवे. त्याला आधी हायसे वाटले. सुटलो बुवा, असे वाटले! पण दुसऱ्याच क्षणी त्याला त्या वाटण्याची इतकी लाज वाटली, की कानशिले तापली. तो धावत बाहेर गेला.

आचार्य फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले होते.

‘गुरुजी, असं का केलंत? कंस तर तुम्ही घातला होता. तो मी...’

‘तू काढलास. निबंध ऐकतानाच कळलं मला.’

‘मग तेव्हाच का नाही थांबवलंत मला?’

‘म्हटलं, आता सांगेल, मग सांगेल. पण बाईंनी विचारलं आणि तू माझ्याकडे पाहिलंस.’ आचार्यांनी काठी बाजूला ठेवली. ‘अरे, इतकी वर्षं तू शोधतो आहेस, की तो शब्द जन्मला कुठे. हित्तींत की लुवींत, ते मलाही ठाऊक नाही. पण तो माणसात कुठे जन्मला, ते आज दिसलं. आपली लाज आपल्याला पेलवत नाही आणि नजर दुसऱ्याची पाठ शोधू लागते. ती नजर आधी, मंत्र मागाहून. आपण नाही का खापर फोडायला डोकं शोधत? तुला पाठ हवी होती, मी दिली. म्हटलं, बघू दे एकदा, हाकललेलं जनावर चालताना कसं दिसतं ते. मी वाचलेल्या पाट्यांवर राजा शुद्ध झाला एवढंच लिहिलंय. पुढे त्याला काय वाटलं, ते कुठे नाही.’

‘लाज वाटली असेल, गुरुजी,’ शिष्य खाली बघत म्हणाला. ‘जगणं नको होईल इतकी.’

‘राजाचं आपल्याला काय ठाऊक? त्याला कंस घाल,’ आचार्य म्हणाले. ‘तुझं तेवढं कंसाबाहेर ठेव.’

शिष्य परत आत गेला. निम्मी सभा उठली होती, विदुषी पिशवी आवरत होत्या. फळ्यावर तो शब्द अजून तसाच होता. त्याने खडू घेऊन पहिल्या अक्षराभोवती कंस घातला.

‘जरा थांबा,’ तो म्हणाला. ‘हा कंस आचार्यांनी घातलेलाच होता. मी तो जाणूनबुजून काढला. त्यांच्या वाचनात काही खोट नाही, खोट माझ्यात आहे. शब्द कुणाचा, ते मला सिद्ध करता आलेलं नाही.’

कुणी टाळी वाजवली नाही, आणि ते बरेच झाले. विदुषींनी फळ्याकडे पाहून मान हलवली आणि त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

खुर्चीवरची शाल उचलून शिष्य बाहेर आला. आत काय झाले, ते आचार्यांनी विचारले नाही. त्यांनी फक्त शालीसाठी आपली पाठ जराशी पुढे केली.