फडकीवरची कोरी जागा

आमच्या आलखेड्याची फडकी लांबून ओळखू येते. फडकी म्हणजे लग्नात नवरीच्या डोक्यावरून घ्यायची छापील ओढणी. आल नावाच्या झाडाच्या मुळीचा गडद लाल रंग, चारी काठांना कोयऱ्यांची ओळ, आणि डाव्या काठाला, खालून हातभर वर, तळहाताएवढी एक कोरी जागा. तिथे कोयरी नाही, ठिपका नाही, काहीच नाही. नवीन माणसाला वाटतं, छापणाऱ्याची नजर चुकली.

हल्ली दर रविवारी शहरातून बायामाणसं छपाई शिकायला येतात. पोटासाठी नाही, हौस म्हणून. जुने कपडे घालून या असं आधी सांगितलेलं असतं, तरी चांगलेच घालून येतात. पहिला ठसा वाकडा पडतो, दुसरा त्याच्यावर चढतो, मग सगळ्या एकमेकींच्या रुमालाकडे बघून हसतात. माझे चुलत सासरे नथूबाबा त्यांना शिकवतात. "जोर मनगटात नको, मुठीच्या बुडात आणा. ठसा ठेवायचा, मग मूठ मारायची. घाई कशाला? कापड कुठं पळून जात नाही."

मागे एका ताईंनी आपला रुमाल संपवला आणि बाजूला अंथरलेली अर्धी फडकी बघितली. कोरी जागा दिसली तशी मदत म्हणून ठसा घेऊन त्या वाकल्या. बाबांनी त्यांचा हात वरच्या वर धरला.

"तिथं नको, ताई."

"अहो बाबा, राहिलंय ना! मी नीट लावते की."

"नीटच लावाल. म्हणून तर नको म्हणतो."

असं झालं की बाबा सगळ्यांना हात थांबवायला सांगतात आणि सारजाची गोष्ट सांगतात. बसून नाही सांगत, उभ्यानेच. मी ती इतक्यांदा ऐकली आहे, तरी ती सुरू झाली की माझ्या मुलीला मांडीवरून उतरू देत नाही. त्यांनी सांगितली तशीच इथे लिहिते आहे.

किती वर्षं झाली ते कुणाला माहीत नाही. तेव्हाही आमच्या लोकांची घरं नदीकाठी होती, कारण छापलेलं कापड वाहत्या पाण्यात धुवावं लागतं. घरामागच्या अंगणापासून चाळीस पावलांवर डोह होता. आता त्याला तारेचं कुंपण आहे, तेव्हा काही नव्हतं.

त्या घरात सारजा नावाची सून होती. नवरा हिरामण, सासू केसरबाई. सारजाची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी मुलगी झाली तेव्हा केसरबाईने तिला नव्या कापडात घेतलंच नाही. ठसे पुसायच्या फडक्यात गुंडाळली आणि नाव ठेवलं चिंधी. कुणाला हवीशी वाटू नये, वरच्याला तर नाहीच नाही, म्हणून. आणि चिंधी जगली, असं सांगतात. तिसरं वर्ष सरत आलं होतं. करंगळी थोडी वाकडी होती तिची, आणि दिवसभर आईच्या मागेमागे असायची.

सारजाचा हात पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. तिच्या दोन ठशांचा जोड शोधून सापडायचा नाही म्हणे. त्या वर्षी पाटलांच्या मुलीच्या लग्नाची फडकी तिच्याकडे आली होती.

इथे बाबा पाहुण्यांना कामातली एक गोष्ट सांगतात, ती समजल्याशिवाय पुढचं समजत नाही. लाल छपाईत ठशाला लाल रंग लावत नाहीत. तुरटी लावतात, चिंचोक्याच्या खळीत कालवलेली. तुरटीला रंग नसतो. कापड आलाच्या मुळ्यांबरोबर हंड्यात उकळलं, की जिथे जिथे तुरटी लागली असेल तिथे तिथे लाल उमटतं. तोवर कापड कोरंच दिसतं. म्हणून छापताना आपलं आपल्याला दिसावं यासाठी तुरटीत चिमूटभर गेरू घालतात. गेरू नंतर धुतल्यावर निघून जातो.

त्या दिवशी घरात गेरू नव्हता. गेरू आणणारा माणूस आठवडाभर आला नव्हता, आणि लग्न दहा दिवसांवर.

केसरबाई म्हणाली, "थांब दोन दिवस. आंधळं काम करू नकोस."

सारजा म्हणाली, "आत्याबाई, मला डोळे झाकून येतं. बोटांनी मोजत जाईन."

आणि ती खरंच मोजत गेली. एक वीत, एक ठसा, वर मूठ. पुन्हा एक वीत. आमच्यात ओळ सुरू केली की मध्ये उठत नाहीत, जोड चुकतो. दिसत असलं तरी चुकतो, इथे तर काहीच दिसत नव्हतं. उन्हामुळे तुरटी लागताक्षणी वाळत होती. सगळं सारजाच्या बोटांत आणि ध्यानात होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. हिरामण मुळ्या आणायला गेला होता आणि केसरबाई शेजारी दळायला.

चिंधी कापडाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिने केव्हा तुरटीच्या थाळीत हात बुडवला ते सारजाने पाहिलं नाही. तिला एकदम आवाज आला.

"माय, मी बी छापलं."

सारजाने मान वर केली. पोरीचा हात खळीने चिकट झालेला, बोटं फाकवून वर धरलेली. कापडावर काही दिसत नव्हतं. असतं तरी दिसलं नसतं, पण तेवढा विचार करायला ती थांबली नाही. मनातली मोजणी सुटत होती.

"कुठं छापलं? काही नाही तिथं. खोटारडी कुठली!"

"छापलं ना. बघ ना, माय."

"मोजू दे मला. कापडाला हात लावू नकोस, चिकट करून ठेवशील. जा, हात धू जा."

आणि ती खाली वाकली. एक वीत, एक ठसा, वर मूठ.

चिंधी हात धुवायला गेली.

बाबा इथवर आले की पाहुण्यांपैकी ज्यांना लेकरं आहेत त्यांना कळलेलं असतं. त्या पहिल्यांदा आपलं मूल कुठे आहे ते बघतात.

सारजाने ओळ पूर्ण केली. अकरा ठसे राहिले होते म्हणे. ते संपवून तिने कंबर सरळ केली, आणि अंगण इतकं शांत कसं, असं तिला वाटलं. तिने एकदा हाक मारली. दुसरी हाक मारली नाही. ती धावलीच.

डोह उथळ वाटतो, पण काठापासून एकदम खोल आहे. ज्या दगडावर बसून बायका कापड धुवायच्या, तो खळ सांडून सांडून बुळबुळीत झालेला असायचा. चिंधीला बाहेर काढली तेव्हा तिचे दोन्ही हात स्वच्छ होते, असं सांगतात.

इतक्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. दहावं नाही, तेरावं नाही. तीन दिवसांचं सुतक, की घर पुन्हा पहिल्यासारखं कामाला लागतं. माणसांना रडायलाही मोठ्या माणसामागे जेवढे दिवस मिळतात तेवढे मिळत नाहीत. चौथ्या दिवशी हिरामणने कापड धुतलं आणि केसरबाईने हंड्याखाली जाळ केला. लग्न काही थांबणार नव्हतं. सारजा उंबऱ्यावर बसून होती. 

दुपार टळताना काठीने कापड हंड्यातून वर काढलं. छपाई अशी उतरली होती की तशी कधी कुणाची उतरली नव्हती. एक कोयरी हललेली नाही, एक जोड दिसत नाही. केसरबाई काठ उलगडत उलगडत डाव्या बाजूला आली आणि तिने हिरामणला हाक मारली.

खालून हातभर वर, कोयऱ्यांच्या ओळीला लागून लाल हात उमटला होता. एवढासा. पाच बोटं फाकवलेली, करंगळी थोडी वाकडी.

सारजा उठून आली. तिने बघितलं. मग खाली बसली आणि कापडाच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली, "छापलं होतंस गं. खरंच छापलं होतंस."

पुन्हा पुन्हा तेच. हिरामणने तिला उठवायचा प्रयत्न केला, ती उठली नाही.

केसरबाई वाईट बाई नव्हती, हे बाबा दरवेळी सांगतात. नात तिचीही गेली होती. पण ती म्हणाली, "पाटलांच्या लेकीच्या डोक्यावर गेलेल्या पोरीचा हात कसा घालायचा? आणि दुसरी फडकी करायला दिवस कुठं आहेत? हिरामण, काळ्याने झाक ते. वर कोयरी मार. कुणाला कळायचं नाही."

गूळ आणि गंजलेलं लोखंड कुजवून आमच्यात काळं करतात. लालावर काळं बसलं की खालचं लाल कधी दिसत नाही. हिरामणने ठसा काळ्यात बुडवला. तो बाप होता, पण कामात वाढलेला माणूस होता, बिघडलेलं कापड झाकायचं हे त्याच्या हाताला माहीत होतं. त्याने ठसा वर धरला आणि सारजाने आपला तळहात त्या लाल हातावर ठेवला.

"सरक, सारजे."

"नाही सरकत."

"अगं, कापड लोकांचं आहे."

"मग माझ्या हातावर छापा. एकदा तिला मी खोटं म्हटलंय. आता तुम्ही ते पुसून मला खरी ठरवू नका."

हिरामणचा हात तसाच वर राहिला. ठशातलं काळं थेंबाथेंबाने सारजाच्या मनगटावर पडत होतं. मग त्याने ठसा बाजूला ठेवला आणि तो भिंतीकडे तोंड करून रडला. पोर गेल्यापासून पहिल्यांदा रडला, असं सांगतात.

ती फडकी सारजाने दिली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने नवं कापड अंथरलं. गेरू तोवर आला होता. तिने भरपूर गेरू घातला. तिने दिवसरात्र काम केलं, केसरबाईनेही शेजारी बसून थाळी धरली. पण डाव्या काठाला, खालून हातभर वर आल्यावर, तिची मूठ खाली येईना. तीनदा ठसा कापडाजवळ नेला, तीनदा मागे घेतला. शेवटी तेवढी जागा सोडून ती पुढे गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी पाटलीणबाई स्वतः फडकी न्यायला आल्या. हुशार बाई, उलगडल्याबरोबर बोट तिथेच गेलं.

"सारजे, इथं छापायचं राहिलं का गं?"

"राहिलं नाही, पाटलीणबाई. तिथं आधीच छापलेलं आहे."

पाटलीणबाईंनी पुन्हा बघितलं. कोरं कापड होतं. केसरबाईने मान खाली घातली. पाटलीणबाईंचीही पाच बाळंतपणं झाली होती आणि घरात मुलं तीनच होती. त्यांनी त्या जागेवरून एकदा हात फिरवला, फडकीची घडी घातली आणि ती घेऊन गेल्या.

त्या नवरीची सगळी लेकरं जगली म्हणे. म्हणून पुढे बाया मागून घ्यायला लागल्या, आमच्याही फडकीवर ती जागा ठेवा. तेव्हापासून आलखेड्यात ती जागा कुणी भरत नाही.

सारजाला पुन्हा मूल झालं नाही. पहिली फडकी तिने पेटीत ठेवली होती. वर्षातून एकदा त्या दगडावर उन्हाला पसरायची आणि शेजारी बसून राहायची. वरच्या कोयऱ्या हळूहळू विटत गेल्या, हात मात्र विटला नाही, असं सांगतात. खरं-खोटं करायला आता काही उरलेलं नाही. ती गेली तेव्हा तिच्या अंगावर तीच घातली आणि ती तिच्याबरोबर जळाली.

पण ती म्हातारी होईपर्यंत गल्लीतल्या कुणाच्याही पोराचा हात रंगलेला दिसला, की सारजा हातातलं काम टाकायची. ओळ अर्धी असली तरी टाकायची. जोड चुकला तर चुकला. त्या पोराला जवळ घ्यायची, तपेल्यात पाणी घ्यायची आणि एकेक बोट वेगळं करून धुवायची. पोरं चुळबुळ करायची. "सारजाआजी, सोड ना, झालं ना!" ती म्हणायची, "थांब रे, करंगळी राहिली."

गोष्ट इथे संपते. बाबा पुन्हा ठसा हातात घेतात.

आजही आमच्या गावात कुठल्याही लहान मुलाला "जा, हात धुऊन ये" असं कुणी म्हणत नाही. "ये, मी धुते" म्हणतात, मूल कुणाचं का असेना. आणि छापायच्या कापडाजवळ एखादं मूल येऊन म्हणालं, "मी बी छापलं," तर समोरचं कापड कितीही कोरं असो, मोठं माणूस हातातला ठसा खाली ठेवतं, गुडघ्यावर बसतं, नीट वाकून बघतं आणि म्हणतं, "हो गं बाई. दिसतंय."