एक हाक, मग गप्प

बाळांनो, जंगलातल्या कोल्ह्या-कावळ्यांना आज जरा विश्रांती देऊ. किनारा दिसेनासा होतो, तिथल्या खोल पाण्यात एक देवमाशीण आपल्या दूधपित्या पिल्लाला घेऊन राहत असे. खोल पाण्यात लांबचं दिसत नाही, म्हणून देवमासे एकमेकांना कानांनी शोधतात. आईने हाक मारायची आणि पिल्लाने 'ऊं' म्हणायचं. त्यांच्या घरचा एक नियम होता. एक हाक मारली की गप्प बसायचं, उत्तर आलं की मगच दुसरी. तुमच्या वर्गात सगळे एकदम बोलता ना, तसलं तिथे चालत नसे.

एके सकाळी मोठमोठी मालवाहू जहाजं डोक्यावरून गेली. त्यांच्या घरघरीने पाणी तळापर्यंत थरथरलं, आणि त्या गोंधळात मायलेकरांची ताटातूट झाली. जहाजं निघून गेली, पण आईचा जीव काही थाऱ्यावर येईना. दुधाशिवाय बाळ कसं जगणार? ती हाकांवर हाका मारत सुटली, नियमबियम पार विसरली. पिल्लाने चार वेळा 'ऊं' म्हणून पाहिलं. आईच्याच ओरडण्यात ते बुडून गेलं. तेवढ्यात पिल्लाला जवळच एक खोल घरघर ऐकू आली. आईच्या पोटाशी झोपताना असाच आवाज येई. वेडं लेकरू त्या आवाजामागे निघालं. ती होती मासेमारीची होडी, आणि ती चालली होती किनाऱ्याकडे. उथळ पाण्यात देवमासा रुतला की संपलंच.

इकडे एक म्हातारी कासवीण देवमाशिणीपाशी आली. स्वभावाने खाष्ट, पण मनाने चांगली. ती म्हणाली, "अगं बाई, मघापासून ओरडतेयस. ऐकतेयस कधी?"

"माझं बाळ हरवलंय, आजी. गप्प कशी बसू?"

"बाळ हरवलंय म्हणूनच गप्प बस. त्याने उत्तर दिलं तर ते कुठल्या कानाने ऐकशील?"

देवमाशिणीला ते पटलं. तिने एक लांब हाक मारली आणि काळजावर दगड ठेवून ती थांबली. पुन्हा एक हाक मारली, पुन्हा थांबली.

होडीवर होते जोमा तांडेल आणि त्याचा धाकटा भाऊ हरेश्वर. जोमाला बापाने एक विद्या शिकवली होती. इंजिन बंद करायचं, वल्हं पाण्यात उभं धरायचं आणि दांड्याला कान लावायचा. घोळ माशांचा थवा खाली असला तर त्यांचं घुमणं ऐकू येतं. परतीच्या वाटेवर त्याने एकदा इंजिन बंद केलं, कान लावला आणि तसाच बसून राहिला.

"घोळ आहे का?" हरेश्वरने विचारलं.

"नाही रे. कोणीतरी कोणाला तरी बोलावतंय."

तेवढ्यात होडीला खेटून एक काळी पाठ वर आली. पिल्लू होतं. आपली 'आई' एकाएकी मुकी का झाली, हे त्याला कळेना.

"दादा, इंजिन सुरू कर. ओहोटी लागली की खाडीत शिरता यायचं नाही. भरती येईपर्यंत बाहेर उन्हात बसावं लागेल."

"बसू," जोमा म्हणाला. "हे आपल्या आवाजामागे आलंय. याची आई तिकडे आहे."

पाणी शांत झालं. त्या शांततेत लांबून एक हाक आली. पिल्लाने कान टवकारले असते, पण देवमाशांचे कान बाहेर दिसतच नाहीत. त्याने घाबरत घाबरत, अगदी बारीक आवाजात उत्तर दिलं, "ऊं."

आई थांबलेली होती, म्हणून तिने ते ऐकलं.

थोड्या वेळाने हरेश्वरने भावाच्या हातातून वल्हं घेतलं आणि आपला कान लावला. ऊन चढत होतं, ओहोटी लागली होती, पण आता तो घाईचं काही बोलला नाही. खाली दोन आवाज होते, एक मोठा आणि एक लहान. मग लहान आवाज थांबला, कारण पिल्लू दूध पीत होतं.

तात्पर्य : आपल्या माणसाला हाक जरूर मारावी, पण त्याच्या उत्तरासाठी आपण गप्प व्हावं, आणि दुसऱ्याची हाक चालू असेल, तर आपला गलबलाट थोडा वेळ थांबवावा.